एकच उपमा, दोन तळी: तुलनेच्या एका उत्तराचा प्रकरण अभ्यास

वाचन-आकलनात तुलनेचा प्रश्न फसवा असतो, कारण उतारे नीट न वाचताही त्याचं उत्तर लिहिता येतं. हे प्रकरण अशाच एका उत्तराचं आहे. ते लिहिणारी नववीतली विद्यार्थिनी भरपूर वाचणारी, शब्दसंग्रह चांगला, अलंकार व्याख्या-उदाहरणांसकट तोंडपाठ. तिच्या उत्तरात खोटं असं जवळजवळ काही नव्हतं. तरी पाचपैकी दोनच गुण मिळाले, आणि "बाई, माझं नेमकं चुकलं काय?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला आम्ही दोघी तेच दोन उतारे पुन्हा घेऊन बसलो.

उतारे मी या प्रश्नासाठीच लिहिले होते. पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे, म्हणून ते पूर्ण देते.

उतारा अ
पहाटेचा गारवा अजून ओसरला नव्हता. तळ्याच्या काठाशी उभं राहिलं की पाणी काचेसारखं दिसायचं. तळाचे गोटे, त्यांच्यावर चढलेलं शेवाळ, मध्येच सुळकन निसटणारी मासोळी, सगळं हाताला लागेल इतकं जवळ. पलीकडच्या काठावरचा वड पाण्यात वाकून स्वतःला न्याहाळत असायचा आणि त्याच्या पारंब्या वाऱ्यासरशी पाण्याला गुदगुल्या करायच्या. एक खंड्या डहाळीवर वाट बघत बसायचा. मग निळी रेघ ओढल्यासारखा खाली झेपावायचा, आणि ती काच क्षणभर फुटायची, पुन्हा जुळायची.

उतारा ब
तळं तिथंच होतं. पाणी काचेसारखं. वाऱ्याची झुळूक नाही, तरंग नाही. त्याने वाकून पाहिलं. त्याचाच चेहरा वर आला, त्यामागे पांढरं आभाळ. तळ दिसला नाही. वड होता. पारंब्या पाण्यापर्यंत पोचल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या. डहाळीवर एक खंड्या बसला होता. तो उडाला नाही. त्याने एक खडा उचलला, हातात धरून ठेवला, आणि परत काठावर ठेवून दिला.

प्रश्न होता: "वर्णनाच्या भाषेच्या आधारे दोन्ही उताऱ्यांची तुलना करा."

तिचं पहिलं उत्तर असं होतं: "दोन्ही उताऱ्यांत तळ्याचे सुंदर वर्णन केले आहे. दोन्हींत 'पाणी काचेसारखे' ही उपमा वापरली आहे, हे त्यांतील साम्य आहे. पहिल्या उताऱ्यात चेतनगुणोक्ती अलंकारही आहे. त्यामुळे वर्णन जिवंत झाले आहे व वाचकाच्या डोळ्यांसमोर चित्र उभे राहते. दुसऱ्या उताऱ्यात अलंकार कमी आहेत व वाक्ये लहान आहेत, म्हणून ते वर्णन साधे आहे. मला पहिला उतारा जास्त आवडला."

उत्तर काय सांगतं आणि काय टाळतं

वर्गातली बरीचशी उत्तरं याच साच्यातली होती. तिचं निवडलं ते त्यात साचा सगळ्यात नेटका उतरला होता म्हणून. पहिली गोष्ट जाणवते ती ही की 'तळ्याचे' हा शब्द आणि एक अवतरण काढून टाकलं, तर हेच उत्तर पावसाच्या, बाजाराच्या, जंगलाच्या कोणत्याही दोन उताऱ्यांखाली चालेल. "डोळ्यांसमोर चित्र उभे राहते" हे वाक्य तर कोणत्याही वर्णनाला लागू पडतं. चित्र उभं राहिलं असेल, तर ते कसलं? त्यात कोण कुठे उभं आहे? त्याला काय दिसतंय आणि काय दिसत नाही? उत्तरात यातलं काहीच नाही.

आकलनाच्या अभ्यासात एक जुना आणि उपयोगी भेद आहे. ट्यून व्हॅन डाइक आणि वॉल्टर किंच या अभ्यासकांनी १९८३ मध्ये तो नीट मांडला. वाचताना मनात तीन पातळ्या तयार होतात: मजकुराचे प्रत्यक्ष शब्द, त्या शब्दांनी सांगितलेला आशय, आणि त्या आशयावरून वाचकाने उभा केलेला प्रसंग. या मुलीचं उत्तर पहिल्या पातळीवरच फिरत होतं. उपमा आहे, चेतनगुणोक्ती (निर्जीवाला सजीवासारखं वागवणारा अलंकार) आहे, वाक्यं लहान आहेत: हे सगळे शब्दांच्या पृष्ठभागाचे तपशील. त्यावरून ती थेट "जिवंत" आणि "साधे" या शेऱ्यांवर उडी मारत होती. मधली जागा, म्हणजे तळ्याकाठी नेमकं काय घडतंय, ती रिकामीच राहिली. आकलनाची मेहनत सगळी त्या मधल्या जागेत असते.

यात तिचा दोष मी फारसा मानत नाही. अलंकार ओळखा, नाव लिहा, गुण मिळवा, हे आपण मुलांना वर्षानुवर्षं शिकवतो. ओळखणं ही सुरुवात आहे हे सांगायचं मात्र राहून जातं. व्याकरणाच्या तासाला उपमेचं नाव पुरतं. आकलनाच्या तासाला त्या उपमेने काय केलं हे लागतं.

शब्द बदलून पाहणं

मी तिला एकच अट घातली: उपमा, चेतनगुणोक्ती, अलंकार हे शब्द न वापरता बोलायचं. सुरुवातीला ती अडखळली. मग मी म्हटलं, "दोन्हीकडे 'काचेसारखं' आहे ना? ते खोडून 'आरशासारखं' लिही आणि वाच."

पहिल्या उताऱ्यात लगेच गडबड झाली. पाणी आरशासारखं असेल तर तळाचे गोटे, शेवाळ, मासोळी दिसणार कशी? तिने स्वतःच हेरलं: "बाई, इथे काच हवीच. आरपार दिसायला हवं." दुसऱ्या उताऱ्यात मात्र 'आरशासारखं' बेमालूम बसलं, उलट जास्तच चपखल वाटलं, कारण त्याला तिथे दिसतो तो स्वतःचाच चेहरा. मग ब मध्ये आरसा का नाही घेतला?

इथे ती बराच वेळ गप्प होती. मीही घाई केली नाही. शेवटी ती म्हणाली, "काच म्हटल्यावर आपल्याला वाटतं, आत दिसेल. आणि मग दिसतच नाही." उताऱ्याचा गाभा तिला इथे सापडला. पाणी 'आरशासारखं' म्हटलं की चेहरा दिसणार हे आधीच कळतं, 'तळ दिसला नाही' हे वाक्य मग नुसती माहिती होऊन बसतं. 'काचेसारखं' म्हटलं की वाचक आत डोकावतो आणि त्या माणसासारखाच अडतो. तिने ज्याला 'साम्य' म्हटलं होतं, तोच या दोन उताऱ्यांमधला सगळ्यात मोठा फरक निघाला. उपमान (काच) तेच, उपमेय (पाणी) तेच, साधर्म्य मात्र वेगळं: अ मध्ये पारदर्शकता, ब मध्ये कठीण, बंद पृष्ठभाग.

तिला मग हा खेळच आवडला. अ मध्ये तिने 'स्फटिकासारखं' घालून पाहिलं. ते चाललं, पण गुळगुळीत झालं, शंभरदा वाचल्यासारखं. शिवाय शेवटचं वाक्य लटकलं: "ती काच क्षणभर फुटायची, पुन्हा जुळायची." खरी काच फुटली की जुळत नाही. ही जुळते, म्हणून ते पाणी आहे हे पुन्हा आठवतं, आणि त्या पहाटांमध्ये मोडलेलं सगळं दुरुस्त होत असल्याची भावनाही येते. उपमा सुरुवातीला पेरलेली आणि शेवटच्या वाक्यात उगवलेली आहे. ब मध्ये ती एकदाच येते, क्रियापदाशिवाय, "पाणी काचेसारखं." आणि पुढे कुणी तिला हात लावत नाही. खडा उचलला जातो, पण पाण्यात पडत नाही, त्यामुळे ही काच फुटतच नाही.

क्रियापदं आणि नकार

वर्णनाची भाषा म्हटलं की मुलं विशेषणांकडे धावतात. या दोन उताऱ्यांत विशेषणं मोजकीच आहेत. काम क्रियापदांनी केलं आहे, म्हणून मी तिला प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करायला लावलं.

अ मध्ये दिसायचं, न्याहाळत असायचा, करायच्या, बसायचा, झेपावायचा, फुटायची, जुळायची. व्याकरणात आपण याला रीती भूतकाळ म्हणतो आणि विसरून जातो. इथे त्याचा अर्थ असा की वर्णन एका पहाटेचं नाहीच, अनेक पहाटांचं मिळून एक आहे. खंड्या रोज वाट बघतो, रोज झेपावतो. ब मध्ये होतं, पाहिलं, आला, उचलला, ठेवून दिला. एकदा घडलं, संपलं. तिच्या मूळ उत्तरात वाक्यांच्या लांबीचा उल्लेख होता, पण क्रियापदांच्या या रूपाचा नव्हता. दोन उताऱ्यांतलं काळाचं अंतर मात्र त्या रूपातच आहे.

मग नकार. ब मध्ये चार आहेत: झुळूक नाही, तरंग नाही, तळ दिसला नाही, उडाला नाही. वर्णनातला नकार ही विलक्षण गोष्ट आहे. तळ्यावर त्या दिवशी हत्तीही नव्हता आणि जहाजही नव्हतं, पण ते कुणी लिहिलं नाही. माणूस ज्याची अपेक्षा धरतो, त्याचाच नकार नोंदवतो. खंड्या उडाला नाही असं तोच म्हणेल, ज्याला तो उडेल असं वाटलं होतं. आणि या चारही नाकारलेल्या गोष्टी कुठून आल्या? वारा, तरंग, तळ, खंड्याची झेप: चारही उतारा अ मध्ये हजर आहेत.

हे दिसल्यावर मुलीचा चेहरा उजळला. "म्हणजे बाई, दुसऱ्या उताऱ्याच्या आत पहिला आहे!" तुलनेच्या उत्तरासाठी याहून चांगला पाया मला सुचत नाही. दोन रकाने करून डावीकडे एक, उजवीकडे एक असं लिहिण्यापेक्षा, एक उतारा दुसऱ्याकडे कसा बघतो हे तिने पकडलं.

एक शंका तिनेच काढली आणि ती महत्त्वाची आहे. अ मध्येही एक नकार आहे: "गारवा अजून ओसरला नव्हता." मग नियम मोडला का? आम्ही ते वाक्य उलटून पाहिलं. 'ओसरला नव्हता' म्हणजे 'होता'. रूप नकाराचं, पण सांगितलं आहे काहीतरी शिल्लक असल्याचं. नुसते 'नाही' मोजून चालत नाही, तो 'नाही' काय हिरावतो आणि काय राखतो ते पाहावं लागतं.

'साधे' या शेऱ्याचं काय

तिचं "अलंकार कमी, म्हणून वर्णन साधे" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं होतं, कारण ही समजूत वर्गाबाहेरही खोल रुजलेली आहे. मला ती घातक वाटते. तीच मुलं पुढे निबंध लिहिताना प्रत्येक ओळीत उपमा कोंबतात.

आपल्याकडे नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनांनी काव्याचा आत्मा ध्वनी, म्हणजे सुचवलेला अर्थ, आहे असा सिद्धांत मांडला. शब्द सरळ अर्थ सांगतो ती अभिधा, सरळ अर्थ जुळेना म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा, आणि या दोन्हींपलीकडे काही सुचवतो ती व्यंजना. "तो उडाला नाही" या वाक्यात एकही अलंकार नाही, वाच्यार्थ तीन शब्दांत संपतो. तरीही उताऱ्यातलं सगळ्यात बोचणारं वाक्य तेच आहे. पहिल्या उताऱ्यातल्या गुदगुल्या करणाऱ्या पारंब्या अलंकाराने बोलतात, हा पक्षी व्यंजनेने. 'वड होता.' हेही तसंच. अ मधला वड वाकून स्वतःला न्याहाळतो. ब मधल्या वडाला फक्त असणं उरलं आहे.

'पारंब्या तिथेच थांबल्या होत्या' यात चेतनगुणोक्ती आहे की नाही, यावर आमचा वाद झाला. तिचं म्हणणं, घड्याळही थांबतं, म्हणून थांबणं सजीवाचंच असं नाही. मला 'तिथेच' मधल्या 'च'मुळे त्यात थोडी इच्छा, थोडा आडमुठेपणा ऐकू येतो. हा वाद मिटला नाही, आणि मिटायला हवा असंही नाही. तिने पुरावा देऊन नाही म्हटलं, हे मला एखाद्या बरोबर उत्तरापेक्षा मोलाचं वाटतं.

वाक्यांच्या लांबीचं निरीक्षण मात्र तिचं बरोबर होतं, अर्धवट राहिलं होतं इतकंच. अ मध्ये सहा वाक्यं आहेत, ब मध्ये अकरा, आणि शब्द ब मध्ये कमी. अ मधली नजर एकदा सुटली की थांबत नाही: पाणी, गोटे, शेवाळ, मासोळी. ब मधली नजर प्रत्येक वस्तूशी थांबते आणि रिकामी परतते. गंमत शेवटच्या वाक्यात आहे. ते ब मधल्या इतर बहुतेक वाक्यांपेक्षा लांब, तीन क्रियांचं: उचलला, धरून ठेवला, ठेवून दिला. तो माणूस हाताने काही करतो ते इथेच, आणि तिसरी क्रिया पहिलीला पुसून टाकते. शिवाय तिथला 'त्याने' क्षणभर चकवतो, कारण आधीच्याच वाक्यातला 'तो' खंड्या आहे. ते मी मुद्दाम तसं ठेवलं होतं: न उडणारा पक्षी आणि खडा न टाकणारा माणूस एका सर्वनामात भेटावेत म्हणून.

अनुमान कुठवर न्यायचं

हे सगळं मग वर्गात मांडलं, तेव्हा एका मुलाने सांगून टाकलं की ब मधल्या माणसाचं जवळचं कुणीतरी त्या तळ्यात बुडालं आहे. वर्गाला ते फार आवडलं. कल्पना वाईट नाही, पण उताऱ्यात तिचा एकही धागा नाही. मी त्याला एवढंच विचारलं, "कोणत्या शब्दावर बोट ठेवशील?" त्याला ठेवता आलं नाही.

याउलट, तो माणूस इथे पूर्वी आला असावा, या अनुमानाला आधार आहे: 'तिथंच' मधला 'च' आणि चार नकार. तो अ मधलाच निवेदक आहे का? शक्य आहे, सिद्ध नाही. अ मध्ये "उभं राहिलं की" अशी रचना आहे, तिच्यात कुणी 'मी' नाही की 'तो' नाही. 'आहे', 'असावा', 'असू शकेल' या तीन शब्दांत पुराव्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि परीक्षेतल्या उत्तरात त्या जपून वापरणं शिकवावं लागतं. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१८ च्या फेरीत वाचन हा मुख्य विषय होता, आणि एकाहून अधिक स्रोतांचे मजकूर एकत्र वाचायला लावणाऱ्या प्रश्नांना तिथे मोठं स्थान होतं. माहिती शोधणं आणि समजणं यांच्या बरोबरीने मूल्यमापन व चिंतन हीही वाचनाचीच प्रक्रिया मानली गेली. आपण काय म्हणू शकतो आणि काय नाही याचा अंदाज त्यातच येतो.

दुसरं उत्तर

काही दिवसांनी तिने तेच उत्तर नव्याने लिहून आणलं:

"दोन्ही उताऱ्यांत पाण्याला काचेची उपमा दिली आहे. पण पहिल्या उताऱ्यात काचेतून आरपार दिसते (गोटे, शेवाळ, मासोळी), तर दुसऱ्या उताऱ्यात काच अडवते ('तळ दिसला नाही') आणि पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. पहिल्या उताऱ्यातील 'दिसायचं', 'बसायचा', 'झेपावायचा' या क्रियापदांमुळे ती रोजची, ओळखीची पहाट वाटते. दुसऱ्या उताऱ्यात एकदाच झालेली भेट आहे. तेथे 'तरंग नाही', 'उडाला नाही' असे नकार वारंवार येतात, म्हणजे जे व्हायला हवे असे त्याला वाटते तेच होत नाही. त्यामुळे पहिले वर्णन जवळीक दाखवते व दुसरे दुरावा. दुसऱ्या उताऱ्यातील माणूस तळ्यावर पूर्वी आला असावा, कारण 'तिथंच' हा शब्द व हे नकार त्याशिवाय जुळत नाहीत."

पाचपैकी चार. लांबी पहिल्या उत्तराच्या दुप्पटही नाही. बहुतेक विधानांशेजारी उताऱ्यातला शब्द आहे, आणि जवळपास प्रत्येक मुद्दा दोन्ही उताऱ्यांना एकाच वाक्यात किंवा लागोपाठच्या वाक्यांत स्पर्श करतो. एक गुण राखला तो वाक्यरचनेबद्दल तिने काहीच लिहिलं नाही म्हणून, पहिल्या उत्तरात तिने नेमकं तेच हेरलेलं असताना. "मला पहिला उतारा जास्त आवडला" हे वाक्य तिने काढून टाकलं होतं. ते काढायलाच हवं होतं असं मी मानत नाही. आवड कारणासकट आली तर तीही आकलनच असते.

वेगळ्या जातीच्या उताऱ्यांवर

हे कौशल्य तळ्यापुरतंच राहिलं का, हे पाहायला मी पुढे एक अगदी वेगळी जोडी दिली. एक उतारा वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या बोफर्ट श्रेणीवरचा. फ्रान्सिस बोफर्ट या नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास ती जहाजांसाठी तयार केली. जमिनीवरच्या खुणा जॉर्ज सिम्पसन यांनी १९०६ मध्ये जोडल्या. सहाव्या श्रेणीचा, म्हणजे ताशी ३९ ते ४९ किलोमीटर वेगाचा वारा तिथे असा ओळखायचा: मोठ्या फांद्या हलतात, तारांमधून शिटी ऐकू येते, छत्री सांभाळणं कठीण जातं. दुसरा उतारा कथेतला: "वारा दाराशी आला आणि कडीला हात लावून बघू लागला."

यावेळी तिने पहिल्या उताऱ्याला 'साधे' म्हटलं नाही. तिने लिहिलं की त्यातलं प्रत्येक वर्णन कुणीही, कुठेही पडताळून पाहू शकेल असं निवडलेलं आहे, म्हणून त्यात वाऱ्याला हेतू नाही. कथेतल्या वाऱ्याला हेतू आहे, आणि तो घरातल्या माणसाच्या भीतीतून आला असावा. पुढे एक निरीक्षण होतं, जे माझ्या आदर्श उत्तरात नव्हतं: श्रेणीच्या उताऱ्यातही 'कठीण जातं' या शब्दांत एक माणूस आहे, फक्त तो कोणीही असू शकतो, तर कडीला हात लागलेला ऐकणारा माणूस एकटाच आहे. 'एकटा' हा शब्द तिने कशावरून घेतला, असं मी समासात विचारलं. ते उत्तर परत देताना तिने खाली लिहिलं होतं: "एकटा हे उताऱ्यात नाही. 'कुणीतरी आत आहे' एवढेच म्हणता येईल."